तपासणीची गाठ

"अहो, घट्ट बांधा! मी काय भाजीची जुडी आहे?"

निसटीने दोन्ही मनगटं मॅनेजरच्या नाकासमोर धरली होती. मॅनेजरने नाइलाजाने दोरीला आणखी एक हिसका दिला, गाठ आवळली आणि बाहीने कपाळ पुसलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला भर दुपारी खुर्चीत बसवून बांधायचं, हे काम त्याला इतक्या वर्षांत कधीच आवडलं नव्हतं.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?"

"म्हणाले, अंगठ्याला विश्रांती द्या. त्यांना सांगा, अंगठा एकटा विश्रांती घेत नसतो. तो मलाही घरी बसवतो."

डोळे मिटून ती कामाला लागली. डावा अंगठा तळहातात मुडपायचा, पंजा होईल तितका अरुंद करायचा आणि मनगट फिरवत एकेक वेढा बोटांकडे ढकलायचा. एके काळी हा तिच्या हातचा मळ होता. प्रेक्षकांशी गप्पा मारता मारता ती सुटायची. आता अंगठ्याच्या मुळाशी लिंबाएवढी सूज होती आणि प्रत्येक वेढा तिथे येऊन अडायचा. शेवटी हात निघाला, पण सोबत थोडी कातडीही निघाली. तिने हात कोमट पाण्याच्या बादलीत बुडवला आणि एक अस्सल शिवी हासडली.

"म्हणूनच म्हणतो, आजचा खेळ साधा करू," मॅनेजर म्हणाला. "रुमाल, पत्ते, पेटी. फळी राहू दे."

"आणि ते काय आहे मग?" तिने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं.

भिंतीवर नवं पोस्टर होतं. मॅनेजरच्याच सुपीक डोक्यातून निघालेलं. 'बाप बांधणार, लेक सुटणार! खिळ्यांच्या फळीखालचा शेवटचा खेळ!' तिला न विचारता तो तिच्या बाबांना गाठून आला होता, आणि ज्या माणसाने तिचा एकही खेळ आजवर पाहिला नव्हता, तो माणूस चक्क हो म्हणाला होता. पोस्टर पाहिल्यावर निसटी मॅनेजरवर इतकी भडकली, की दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. खरं तर आतून तिला हेच हवं होतं, आणि ते या गाढवाला कळावं याचाच तिला जास्त राग आला होता.

हवं का होतं, त्याची कथा जुनी आहे.

निसटी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती कुणाच्या हाती लागायची नाही. आंघोळीतून निसटायची, मांडीवरून निसटायची, शाळेच्या रांगेतून तर रोजच. त्या शाळेत एकदा एक जादूगार आला. त्याने हेडमास्तरांच्या खिशातून लांबच लांब फीत काढली, ती सगळ्यांना आवडली. मग त्याने कवायतीच्या मास्तरांकडून स्वतःला बांधून घेतलं आणि टाळी वाजेपर्यंत तो मोकळा झाला. फीत निसटी विसरून गेली. तो मोकळा झालेला माणूस मात्र तिच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच.

बाबा पार्सल ऑफिसात पेट्या बांधायचे. ऑफिसातून ते आले, की निसटी दोरी घेऊन दारात उभी. "बांधा मला." बाबा बूट काढायच्या आधी तिचे हात बांधायचे. ती फरशीवर लोळायची, दात-ओठ खायची आणि हात सोडवून उठायची. बाबा कपाळावर हात मारून घेत म्हणायचे, "अगं बाई! माझी गाठ सोडवलीस? जादूगारीण आहेस की काय?" आई आतून ओरडायची, "पोरीला वेड लावाल अशानं!" आई चुकली नव्हती. वेड लागायचं ते लागलंच होतं.

मग एका सुट्टीत बाबा तिला ऑफिसात घेऊन गेले. तिथे तिने पाहिलं, की पेट्या बांधणाऱ्यांकडे दोन गाठी असतात. एक पक्की. ती सोडवत नाहीत, पार्सल घेणारा ती कापतोच. दुसरी तपासणीची. ज्या पेट्या साहेब उघडून बघणार असतात, त्यांना ती मारतात. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पण तपासणीच्या गाठीला मनगटाचा एक झटका पुरतो. बाबांच्या शेजारी काम करणाऱ्या काकांनी ती गाठ तिला कौतुकाने मारून दाखवली आणि झटका देऊन उघडली. निसटी बघतच राहिली. ही गाठ तिच्या रोजच्या ओळखीची होती.

घरी परतताना तिने विचारलं, "बाबा, तुम्ही मला नेहमी तपासणीचीच गाठ मारता?"

बाबा मनापासून हसले. "मग काय पक्की मारू? पोरीच्या हातावर पक्की गाठ मारतात होय?"

त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. त्यामुळे तिला धड रागावताही आलं नाही. पण तिची सगळी जादू त्या हसण्यात गेली. इतके दिवस ती जिंकतच नव्हती. तिला जिंकू दिलं जात होतं. त्यानंतर ती बाबांपुढे हात करून म्हणायची, "पक्की मारा," आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "अभ्यास कर."

मग तिने जगाकडून बांधून घ्यायला सुरुवात केली. आधी शेजारचा सुतार, मग कवायतीचे मास्तर. पुढे एका जादूगाराच्या कंपनीत पेटीत बसणारी मुलगी म्हणून ती गेली आणि काही वर्षांनी पेटी त्याची आणि खेळ हिचा असं झालं. पोलिसांच्या बेड्या, नावाड्यांच्या गाठी, साखळदंड घालून पाण्यात उडी, क्रेनला उलटं लटकणं, सगळं केलं. लग्नाची दोन-तीन स्थळं आली, ती पोस्टर बघून आल्या पावली परत गेली. वर्तमानपत्रात फोटो आले. आई ते कापून ठेवायची. बाबा कधी आले नाहीत. त्यांनी अडवलंही नाही, रागावलेही नाहीत. कुणी विचारलं, की एवढंच म्हणायचे, "हातचलाखी असते हो. सुटायलाच बांधलेलं असतं ते."

हे वाक्य कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. साखळदंडासकट पाण्याच्या तळाशी बसलेली असतानाही तिला ते ऐकू यायचं.

आता अंगठा गेला होता. आजचा खेळ शेवटचा, हे पोस्टरवर गंमत म्हणून छापलेलं नव्हतं. तिला काही फार मोठं नको होतं. बाबांनी एकदा, एकदाच, पक्की गाठ मारावी.

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत. ग्रीनरूममध्ये न येता ते आधी रंगमंचावर गेले. मॅनेजर मागे धावला. मधोमध एक बाकडं होतं, त्याला पाय बांधायचा पट्टा. वर कप्पीवरून आलेल्या दोरखंडाला लाकडाची जाडजूड फळी टांगलेली, खालच्या अंगाला खिळेच खिळे. दोरखंडाचं दुसरं टोक बाजूच्या खांबाला, आणि त्याच्या खाली मेणबत्ती. हात बांधून निसटीला बाकड्यावर झोपवायचं, मेणबत्ती पेटवायची, भोवती पडदा ओढायचा. दोरखंड जळून तुटायच्या आत तिने हात सोडवायचे, पायांचा पट्टा काढायचा आणि बाजूला व्हायचं. फळी धाडकन बाकड्यावर आदळते, पडदा उघडतो आणि बाई शेजारी उभी.

"खिळे खरे आहेत?" बाबांनी विचारलं.

"हात लावून बघा की, काका."

बाबांनी काठी बगलेत धरून एका खिळ्याच्या टोकाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. मग बराच वेळ ते बोट चोळत राहिले.

ग्रीनरूममध्ये त्यांनी दोरी मागितली, चिमटीत धरून चाचपली. "सूत चांगलं आहे."

"बाबा, पक्की मारा."

"बघतो."

"बघतो नाही. मारा."

"पोरी, गाठ मला शिकवू नकोस." ते तिच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत होते. "हे असं कधीपासून आहे?"

"आहे झालं. घंटा होईल आता, तुम्ही चला."

हॉल बऱ्यापैकी भरला होता. रुमाल झाले, पत्ते झाले, लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग मॅनेजरने आवाज चढवून बाबांना वर बोलावलं. बाबा कडेच्या पायऱ्या चढून आले, लोकांना नमस्कार केला आणि निसटीसमोर उभे राहिले. इतक्या जवळून त्यांच्याकडे तिने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. तर्जनीवर सुतळीने पडलेली खाच अजून तशीच होती.

त्यांनी दोरी तिच्या मनगटांवरून नेली, खालून घेतली, मधून काढली. हात थरथरत होते, पण दोरी चुकत नव्हती. शेवटचा वेढा घालून त्यांनी गाठ ओढली. लोकांना ती घट्ट दिसली. निसटीला मात्र तिचा ताण लागताक्षणीच कळलं.

ती ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, ही तपासणीची आहे."

"गप. जा, सुट आणि ये लवकर."

"मी लहान आहे का आता?"

"ते खिळे बघितलेस का? मी बघितलेत. जा म्हणतो ना."

तिचं डोकंच फिरलं. तीस वर्षं गावोगावच्या पहिलवानांनी तिला आवळून बांधलं होतं, आणि हा माणूस अजून तिला फरशीवर लोळायला लावत होता. तिने सगळ्यांच्या देखत मनगटाला झटका दिला. दोरी सुळकन सुटून पायाशी पडली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा नाही, मेणबत्ती नाही, उभ्या उभ्या सुटली! मागच्या रांगांतून शिट्ट्याही आल्या. सबंध खेळात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या, आणि त्या मिळाल्या त्या खोट्या गाठीला. निसटीला रडावं की हसावं कळेना. मॅनेजर खुशीत वाकून वाकून नमस्कार करत होता आणि डोळ्यांनी तिला सांगत होता, की बास, आता इथेच आटपा.

तिने दोरी उचलली आणि बाबांच्या हातात कोंबली. "आता खरी मारा."

लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. ते हसले.

"फळीखाली जाणार नसशील तर मारतो," बाबा कुजबुजले.

"जाणार."

"मग नाही मारत. मला पाप नको."

तेव्हा निसटीने एक गोष्ट केली, जी धंद्यातलं कुणी करत नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "खिटी आहे. वर, पडद्याआड. मॅनेजरचा हात असतो तिच्यावर. त्याने ती सरकवली, की फळी अर्ध्यात अडते. आजवर लागली नाही कधी. मी मरणार नाही बाबा, फार तर हरेन. हरू द्या ना मला एकदा."

बाबांनी फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या तोंडावर राग होता की आणखी काही, ते तिला ओळखता आलं नाही.

"हात पुढे कर," ते म्हणाले.

आधी त्यांनी खिशातला रुमाल काढून घडी केला आणि तिच्या मनगटांवर ठेवला. पेटीचे कोपरे दोरीने कापू नयेत म्हणून ते ऑफिसात असाच पुठ्ठा ठेवत. निसटीने तो दातांनी ओढून काढला. "रुमाल नको." त्यांनी तो परत खिशात घातला.

मग ते बांधू लागले. या वेळी हात थरथरले नाहीत. ही गाठ त्यांनी आयुष्यभर मारली होती आणि बोटांना ती विचारावी लागत नव्हती. शेवटची ओढ त्यांनी गुडघा किंचित वाकवून, अंगाचा भार टाकून दिली. निसटीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं दुखण्याने आलं, पण सगळं काही दुखण्याने नव्हतं.

पडदा ओढला गेला.

बाकड्यावर पडल्या पडल्या तिला कळून चुकलं, की असली गाठ आपल्या हातांवर आजवर कधी बसली नव्हती. बाकीच्या गाठी ताण दिला, की कुठेतरी श्वास सोडायच्या. ही ताण दिला, की आणखी बसत होती. तिने अंगठा मुडपला. सुजेतून कळ थेट कोपरापर्यंत गेली. मनगट फिरवलं, परत फिरवलं. पडद्यापलीकडे दोरखंड चुरचुरत होता, जळक्या काथ्याचा वास येत होता.

"ताई," मॅनेजर कुजबुजला, "खिटी टाकू?"

"हात लावू नका!"

"ताई, दोन पदर राहिलेत."

"थांबा म्हणते ना!"

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं आहे तुमचं!" मॅनेजर जवळजवळ रडत होता.

एक वेढा हलला. तिला स्पष्ट जाणवलं. तो अंगठ्याच्या मुळाशी आला, सुजेवर चढला आणि तिथेच रुतला. आणखी थोडा वेळ हवा होता, किंवा दहा वर्षांपूर्वीचा अंगठा. तिने दात रोवून पुन्हा जोर लावला. वर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. मॅनेजरने खिटी सरकवली होती.

फळी सुटली, दणका बसला आणि तिच्या छातीच्या हातभर वर अडून लोंबकळत राहिली. दणका ऐकला की पडदा बाजूला सारायचा, ही पडदेवाल्याची जन्माची सवय. त्याने पडदा उघडला.

लोकांना दिसली ती बाकड्यावर पाय बांधलेल्या स्थितीत पडलेली, हात छातीवर जखडलेली, घामाने केस चिकटलेली एक प्रौढ बाई. कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर पुढे येऊन काहीतरी बोलला, खुर्च्या वाजू लागल्या. जाता जाता लोक बाबांच्या पाठीवर थाप मारत होते. "वा आजोबा! काय गाठ मारलीत! भल्याभल्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!" बाबा कुणाकडेच बघत नव्हते. माणसं बाजूला सारत ते काठीशिवायच तिच्याकडे यायला बघत होते.

ग्रीनरूममध्ये ती आरशाकडे पाठ करून बसली. इतक्या वर्षांच्या धंद्याचा शेवट असा, खाटकाकडे बकरी बांधून आणल्यासारखा. तिला मॅनेजरचा राग आला, अंगठ्याचा आला, त्या फिसकन हसणाऱ्याचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला. काय गरज होती? पहिल्या झटक्याच्या टाळ्या घेऊन घरी जाता आलं असतं.

मॅनेजर कात्री घेऊन आला. "हात करा ताई. खिटी मी टाकली, शिव्या नंतर घाला."

"थांब," बाबा दारातून म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि तिची बांधलेली मनगटं दोन्ही हातांनी उचलून दिव्याखाली धरली. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग खाच पडलेलं बोट एका वेढ्यावर ठेवलं.

"हा तू सरकवलास?"

"कुठला?"

"हा. याची जागा गाठीच्या पलीकडे. हा अलीकडे आलाय."

"आला असेल. काय उपयोग? सुटले थोडीच."

"नाही सुटलीस," बाबा म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. "पण ही गाठ मारून आम्ही पेट्या माडीवरून खाली टाकायचो. पेटी फुटायची, हा वेढा जागचा हलायचा नाही. इतक्या वर्षांत कधी हलला नाही."

ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मॅनेजरने कात्री पुढे केली, तशी निसटीने हात मागे घेतले.

"राहू द्या थोडा वेळ."

"अहो, हाताला मुंग्या येतील!"

"येऊ देत. चहा आणा तुम्ही."

चहा आला. तिला कप धरता येईना. बाबांनी खिशातला रुमाल काढला, कपाभोवती गुंडाळला आणि चहावर फुंकर घातली. कप तिच्या ओठांना लावताना त्यांचे हात पुन्हा थरथरू लागले होते आणि चहा बशीत सांडत होता.

"सावकाश," ते म्हणाले. "गरम आहे."

निसटी दोन घोट प्यायली. बाबांनी कप खाली ठेवला, चष्मा सारखा केला आणि तिचे हात पुन्हा दिव्याखाली ओढून घेतले.